थंडीतली दिल्ली, दोघांसाठी: वार घरून ठरवा, बाकी सकाळी पडदा सारून

हिवाळ्यात दिल्लीची सहल फसते ती बहुतेक वेळा थंडीमुळे नव्हे, यादीमुळे. टूरवाल्यांच्या पत्रकात असतात तसे एका दिवसात आठ पॉइंट ऑक्टोबरात कसेबसे उरकतात. डिसेंबरअखेरीला ते होत नाहीत, कारण दिवसच तेवढा नसतो. सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास, पण धुकं असलं तर दिसतो दहा-साडेदहाला, आणि साडेपाचला मावळून मोकळा होतो. हाताशी उरतात सहा-सात तास. त्यात दोन ठिकाणं नीट होतात. तिसरं केलंत तर पाय ओढत, फोटोपुरतं.

म्हणून आखणीचे दोन भाग करा. घरून निघताना फक्त वार पक्के करा, म्हणजे कुठल्या दिवशी काय बंद असतं ते. उरलेलं त्या त्या दिवशी सकाळी हॉटेलच्या खिडकीचा पडदा सारून ठरवा.

तारखा

नाताळ ते मकरसंक्रांत हा दाट धुक्याचा काळ. सुट्टी तेव्हाच मिळत असेल तर प्रश्नच नाही, पण मुलांच्या शाळेचं बंधन नसलेल्या जोडप्याने डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा बघावा. फेब्रुवारीत राष्ट्रपती भवनातलं अमृत उद्यानही उघडतं. प्रवेश फुकट, पण वेळ ऑनलाइन नोंदवून ठेवा, आणि सोमवारी बंद.

टाळायचेच तर २० ते २६ जानेवारी टाळा. संचलनाच्या सरावासाठी कर्तव्य पथाच्या आसपासचे रस्ते बंद होतात, २३ तारखेला रंगीत तालीम असते, लाल किल्लाही प्रजासत्ताक दिनाच्या आधी बरेच दिवस पर्यटकांना बंद ठेवतात. संचलन बघायलाच जाणार असाल तर गोष्ट वेगळी, पण मग ती सहल त्याच कामाची समजा.

३१ डिसेंबरच्या रात्री कॅनॉट प्लेसला जायची हौस सगळ्या दिल्लीला असते. त्या रात्री तिथे गाड्या अडवतात आणि राजीव चौक स्टेशनातून नऊनंतर बाहेर पडू देत नाहीत, असा गेल्या काही वर्षांचा शिरस्ता आहे. हॉटेल त्या भागात असेल तर नऊच्या आत परता. १ जानेवारीला इंडिया गेट आणि अक्षरधामला मुंगी शिरणार नाही एवढी गर्दी असते. त्या दिवशी उशिरा उठणं हाच उत्तम कार्यक्रम.

जायचं कसं

धुक्याचा तडाखा सर्वांत जास्त बसतो तो पहाटे ते सकाळी नऊ-दहापर्यंत. त्यामुळे विमान घ्यायचं तर दिल्लीत दुपारी बारा ते चारच्या दरम्यान उतरणारं घ्या. सकाळचं पहिलं विमान स्वस्त दिसतं, पण अडकतंही तेच. रात्रीचं शेवटचंही नको, कारण दिवसभराचा उशीर साचत साचत त्याच्या माथी येतो. हवामानामुळे विमान रद्द झालं तर पैसे परत किंवा पर्यायी विमान यांपैकी एक मागायचा हक्क तुम्हाला आहे. वेगळी नुकसानभरपाई मात्र मिळत नाही, तेव्हा काउंटरवर त्यासाठी घसा कोरडा करू नका.

मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी पाचला सुटणारी राजधानी वेळापत्रकाप्रमाणे सकाळी साडेआठला नवी दिल्लीला लागते. गोम अशी की मथुरा-पलवल हा शेवटचा टप्पा ती नेमकी धुक्याच्या वेळी कापते. उशीर धरूनच चाला आणि उतरल्या दिवशी तिकिटाचं काहीही आधी काढून ठेवू नका. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दोघांची नावं एकाच तिकिटावर हवीत. फर्स्ट एसीत कूपे, म्हणजे दोन बर्थचा बंद कप्पा असतो, पण तो तिकीट काढताना हाताने निवडता येत नाही. चार्ट लागताना वाटप होतं, आणि एका तिकिटावर दोनच प्रवासी असतील तर मिळण्याची आशा असते. तुमच्या स्टेशनवर गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा येणार असेल आणि तुम्ही जायचंच रद्द केलंत, तर गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी ऑनलाइन टीडीआर, म्हणजे पैसे परत मागण्याचा अर्ज, भरा. पूर्ण पैसे परत मिळतात. गाडी गेल्यावर भरलात तर बसा हात चोळत.

नवी दिल्ली स्टेशनला दोन तोंडं आहेत. पहाडगंजकडे एक नंबरचा फलाट, अजमेरी गेटकडे सोळा नंबरचा. मेट्रो अजमेरी गेटच्या बाजूला आहे. पहाडगंजच्या बाजूला बाहेर पडलात की "तुमचं हॉटेल बंद झालंय", "आज दंगा आहे, तिकडे जाता येणार नाही", "सरकारी टुरिस्ट ऑफिसात चला" असं सांगणारे भेटतात. थांबून उत्तर देऊ नका, हॉटेलला स्वतःच्या फोनवरून फोन लावा.

खोली

जागा निवडताना हॉटेलचे तारे बघण्याआधी मेट्रोचा नकाशा बघा. पिवळ्या किंवा जांभळ्या मार्गावरच्या स्टेशनपासून चालत दहा मिनिटांत खोली असावी, कारण तुमची निम्मी ठिकाणं याच दोन मार्गांवर आहेत. ग्रीन पार्क, लाजपत नगर, कॅनॉट प्लेस या जागा चांगल्या. करोल बाग निळ्या मार्गावर येतं, पण हॉटेलं भरपूर आणि राजीव चौकला गाडी बदलणं सोपं. पहाडगंज स्वस्त आहे, स्टेशनला चिकटून आहे, आणि आवाजही तितकाच आहे.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी फोनवर विचारून घ्या. खोलीत हीटर आहे का आणि त्याचे वेगळे पैसे लागतात का. मध्यम दराच्या बऱ्याच हॉटेलांत लागतात. गीझर दिवसभर चालू असतो की ठरावीक वेळी. आणि खोलीला बाहेर उघडणारी खिडकी आहे का. दिल्लीतल्या खोल्या उन्हाळ्याच्या हिशोबाने बांधलेल्या, फरशी बर्फासारखी असते. ज्याला जास्त थंडी वाजते त्याने भिंतीकडची बाजू दुसऱ्याला द्यावी आणि दुलया दोन मागून घ्याव्यात. एका दुलईत दोघं ही कल्पना पहिल्या रात्री दोन वाजेपर्यंतच टिकते.

बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही नको. कुणी प्रेमाने आणून दिली तरी नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि उत्तरेत दर हिवाळ्यात अशाने झोपेत माणसं दगावतात. न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर झरोका उघडा ठेवूनच आंघोळ करा. इलेक्ट्रिक हीटरने हवा कोरडी पडते, जवळ पाण्याने भरलेलं भांडं ठेवलं की सकाळी घसा धरत नाही.

ओळखपत्र दोघांचंही लागतं. पॅन कार्ड चालत नाही, त्यावर पत्ता नसतो. आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट किंवा वाहन परवाना न्या. बायकोच्या आधारवर माहेरचं आडनाव असलं तरी अडत नाही. लग्न न झालेल्या सज्ञान जोडप्याने एकत्र राहायला कायद्याची मनाई नाही, तरी काही हॉटेलं आपल्या नियमावर बोट ठेवून नकार देतात. आधी विचारून लेखी उत्तर घेतलं की रात्री सामानासह रस्त्यावर उभं राहावं लागत नाही.

बॅगेत काय

दिवसाचं तापमान वीसच्या आसपास, रात्री सात-आठ, आणि ऊनच न पडलेल्या दिवशी दुपारीही पंधराच्या खाली. महाराष्ट्रातल्या माणसाची चूक ठरलेली: एक जाडजूड जॅकेट, आत टी-शर्ट. मग मेट्रोत घाम, बाहेर हुडहुडी. चार रात्रींसाठी माणशी थर्मलचे दोन जोड, एक लोकरी स्वेटर, वारा अडवणारं एक जॅकेट, कान झाकणारी टोपी, मफलर आणि पायमोज्यांचे सहा जोड एवढं पुरतं. पायमोजे सहा का, ते गुरुद्वाऱ्याशी आल्यावर कळेल. व्हॅसलीन, साधं खोबरेल आणि माणशी दोन एन-९५ मास्क. बूट असे की पटकन काढता-घालता यावेत.

स्वेटर-जॅकेट घरी परत कधी लागणार नसेल तर उतरल्या रात्रीपुरतं एक अंगावर ठेवा आणि बाकी तिथे घ्या. जनपथवर किंवा काश्मिरी गेटच्या बस अड्ड्याजवळच्या मॉनेस्ट्री मार्केटात ऊबदार कपडे ढिगाने असतात.

एक जुनी युक्ती: प्रत्येकाच्या बॅगेत दुसऱ्याचा एक पूर्ण जोड ठेवा. धुक्यात विमानांची अदलाबदल झाली की एखादी बॅग मागे राहते, आणि ती नेमकी ज्याला जास्त थंडी वाजते त्याचीच असते.

हवा

थंड, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते, वर उबदार थर झाकणासारखा येतो, आणि धूर-धूळ त्याखाली कोंडते. उन्हाने जमीन तापली की दुपारी झाकण उठतं. म्हणून सकाळी फिरायला जाणं ही एरवीची चांगली सवय इथे उलटी पडते. सर्वांत बरी हवा साधारण दोन ते चारमध्ये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' नावाचं ॲप आहे, त्यात हवेच्या गुणवत्तेचा आकडा बघा: २०१ ते ३०० खराब, ३०१ ते ४०० फार खराब, ४०० च्या वर गंभीर. तीनशेच्या वर गेला की बाहेर मास्क लावा. चारशेच्या वर असेल तर दिवस सरळ छपराखाली काढा. दमा असलेल्याने पंप बॅगेत नव्हे, खिशात ठेवावा. पाऊस येऊन गेला की हवा धुऊन निघते. दुसऱ्या दिवशी थंडी वाढते, पण आकाश निळं असतं. तो दिवस कुतुबसाठी राखून ठेवा.

वारांचं गणित

सोमवारी लाल किल्ला, अक्षरधाम, लोटस टेंपल, राष्ट्रीय संग्रहालय, प्रधानमंत्री संग्रहालय, रेल्वे संग्रहालय सगळं बंद. उघडं असतं कुतुब मिनार, हुमायूनचा मकबरा, लोदी गार्डन, बंगला साहिब गुरुद्वारा. रविवारी चांदनी चौकातली बहुतेक दुकानं बंद. शुक्रवारी दुपारच्या नमाजाला जामा मशिदीत पर्यटकांना जाता येत नाही. एरवीही नमाजाच्या वेळी बाहेर थांबावं लागतं. शुक्रवारी ताजमहालही बंद.

एवढं कागदावर लिहिलंत की खरं काम संपलं. आता रोज सकाळी आठला पडदा सारायचा. समोरची इमारत दिसली तर उघड्यावरचा दिवस. नाही दिसली तर पुन्हा दुलईत, साडेदहाला परत बघायचं. अकरापर्यंतही पांढरंच असेल तर ते धुकं वर उचललं जाऊन ढगासारखं बसलेलं असतं, दिवसभर ऊन यायचं नाही. मग जनपथवरचं राष्ट्रीय संग्रहालय किंवा तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय. दोन्ही तीन-तीन तासांची कामं आहेत, आणि संध्याकाळी दिल्ली हाट हा हस्तकलांचा बाजार, तो आयएनए मेट्रोला लागूनच आहे.

ऊन असलेला दिवस: हुमायून

साडेदहाला पोचा. जांभळ्या मार्गावर जवाहरलाल नेहरू स्टेडियमला उतरून रिक्षा करा. आत शिरल्यावर सगळे सरळ मुख्य मकबऱ्याकडे धावतात. तुम्ही आधी उजवीकडे वळून ईसा खान या सूरी दरबारातल्या सरदाराची कबर बघा. १५४७ ची, अष्टकोनी, आणि सकाळी जवळजवळ रिकामी. मग मोठा मकबरा. नवऱ्याने बायकोसाठी बांधलेली कबर जगप्रसिद्ध आहे. ही हुमायूनच्या बेगमेच्या, बेगा बेगमच्या पुढाकाराने नवऱ्यासाठी उभी राहिलेली, ताजच्या कितीतरी आधीची. फोटो काढताना तिवई लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, पहारेकरी लगेच येतो. फोन एकमेकांच्या हातात द्या.

बाराला शेजारच्या सुंदर नर्सरी या बागेत जा. तिकीट वेगळं. दिल्लीकर हिवाळ्यात करतात ते तुम्हीही करा: गवतावर चादर टाकून, पाठ उन्हाकडे करून, संत्री आणि भुईमुगाच्या शेंगा सोलत दोन तास बसा. यादीत टिक करता येत नाही म्हणून लोक हे टाळतात. घरी गेल्यावर आठवतं मात्र हेच. गुरुवार असेल तर रस्त्यापलीकडे निजामुद्दीन दर्ग्यात संध्याकाळी कव्वाली असते. डोक्यावर कापड घ्या, पाकीट पुढच्या खिशात ठेवा.

ऊन असलेला दिवस: जुनी दिल्ली

मंगळवार ते शनिवारमधला दिवस, आणि दोघांनीही खोलीवरून पोट रिकामं ठेवून निघायचं. चांदनी चौक मेट्रोला दहाला उतरा. पहिलं काम दौलत की चाट. दुधाचा फेस, वर मावा-पिस्ता, केशराचा रंग. उन्हात बसतो म्हणून हा फक्त थंडीतच मिळतो. किनारी बाजार आणि पराठेवाली गलीच्या तोंडाशी कापडाने झाकलेली मोठी परात घेऊन माणूस उभा असतो. दोघांत एक घेऊ नका. हवाच ती, चार चमच्यांत संपते आणि भांडण होतं.

लाल जैन मंदिर ते फतेहपुरी मशीद हा रस्ता सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारगाड्यांना बंद असतो, चालायला मोकळा मिळतो. सायकल रिक्षात बसायचं तर दर "दोघांचा, इथून तिथपर्यंत" असा पूर्ण बोलून घ्या. नुसता आकडा ठरवला की उतरताना तो माणशी निघतो. लाल किल्ल्याला दोन तास, मग दरीबा कलांमधून जामा मशिदीकडे. अंग झाकणारे कपडे हवेत, चपला-बूट हातात. संध्याकाळी परतताना लाल गाजरांचा गरम हलवा, आणि कोळशावर भाजलेलं रताळं लिंबू-मसाला लावून. परतीला जामा मशीद मेट्रो घ्या, चांदनी चौकपर्यंत उलटं चालू नका.

कुतुब आणि बंगला साहिब

७२.५ मीटरचा लाल दगडाचा मिनार उतरत्या उन्हात खुलतो, म्हणून दोन ते साडेचार. आतून वर चढणं १९८१ च्या चेंगराचेंगरीपासून बंद आहे, तेव्हा "वर नेतो" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. स्टेशनचं नाव कुतुब मिनार असलं तरी तिथून मिनार किलोमीटरभराहून लांब आहे, रिक्षा करा. शेजारचं मेहरौली पुरातत्त्व उद्यान सुरेख आहे, पण दिवस मावळायच्या आत दोघांनी बाहेर पडावं. आत अंधार आणि शुकशुकाट असतो.

संध्याकाळी बंगला साहिब. दारातच पाय धुवायचं वाहतं पाणी असतं, त्यामुळे पायमोजे बुटांबरोबर आधीच काढून ठेवा, आणि कोरडा जोड जॅकेटच्या खिशात. ओले मोजे घालून मेट्रोत बसलात की पुढचे दोन दिवस शिंका. डोकं दोघांनीही झाकायचं. लंगरात बसा, ताटात लागेल तेवढंच घ्या.

दोघं असल्यामुळे येणारे घोटाळे

मेट्रोत तपासणीच्या रांगा वेगळ्या. बायकांची बहुधा लहान असते, पण सामानाचा पट्टा एकच. दोघांच्या बॅगा एकदम पट्ट्यावर टाकून रांगेत उभं राहिलात तर त्या पलीकडे बेवारस पडतात. जो आधी पलीकडे पोचेल त्याच्याच वेळी बॅगा सोडा. स्मार्ट कार्ड एकाला एकच चालतं, एका कार्डावर दोघं आत जाऊ शकत नाहीत.

गाडी जाते त्या दिशेचा पहिला डबा बायकांचा. गर्दीत ती तिथे आणि तो दुसऱ्या डब्याच्या पहिल्या दाराशी असं बसलात तर उतरल्यावर दहा पावलांत भेट होते. पुरुषाने चुकूनही त्या डब्यात शिरू नये, दंड होतो.

अक्षरधामला फोन, कॅमेरा, बॅग काहीच आत नेता येत नाही. दोघांचेही फोन बाहेर जमा, तपासणीच्या रांगा वेगळ्या, आत हजारो माणसं. रांगेत शिरण्याआधी भेटायची जागा बोटाने दाखवून ठरवा आणि "न दिसल्यास तिथेच थांबायचं, शोधायला फिरायचं नाही" हेही ठरवा. एकमेकांचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. पाठ कुणालाच नसतो. संध्याकाळचा पाण्याचा खेळ उघड्यावर असतो, दगडावर बसावं लागतं. स्वेटर जमा करून आत जाऊ नका.

आग्रा

एका दिवसात जाऊन-येऊन करायचा मोह होतो. धुक्यात ताज अकरापर्यंत दिसतच नाही, आणि पहाटे मोटारीने यमुना एक्सप्रेसवेवर निघणं धोक्याचं. थंडीत तिथली वेगमर्यादाही १०० वरून ७५ वर आणतात. हजरत निजामुद्दीनहून सकाळी आठच्या सुमाराची गतिमान एक्सप्रेस घ्या आणि आग्र्यात एक रात्र राहा. नाहीतर आग्रा उन्हाळ्याआधीच्या दुसऱ्या खेपेला ठेवा.

परतताना

आदल्या संध्याकाळी तिकिटावरचं टर्मिनल बघा. टर्मिनल ३ ला नवी दिल्लीहून एअरपोर्ट एक्सप्रेस वीसेक मिनिटांत पोचवते. टर्मिनल १ मात्र वेगळीकडे, किरमिजी मार्गावर, स्वतःच्या स्टेशनसह. एकीकडे जाऊन दुसरीकडचं विमान गाठायचं तर मधे काही किलोमीटरचा रस्ता आहे आणि धुक्यात तो लवकर कापला जात नाही. विमानाला उशीर असल्याचा संदेश आला तरी खोलीवर बसून राहू नका. धुकं उठलं की विमानं एकापाठोपाठ एक सुटतात आणि नवी वेळ पुन्हा अलीकडे येते. विमानतळावर जा, सामान देऊन टाका, आणि मग आत बसून चहा घ्या.